अशनीचं नाव कसं ठरतं: एका काप काढणारीच्या वहीतून

दगड सापडला की पहिली चूक नळाखाली होते. माणसं तो घासूनपुसून, कधी चिंच लावून चकचकीत करून माझ्याकडे आणतात. काही दगडांवर हळदीकुंकूही असतं. त्यावर मी काही बोलत नाही, वरून पडलेल्या वस्तूला नमस्कार करावासा वाटणं साहजिक आहे. पण दगड खरोखर अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला, असेल, तर त्या नळाच्या पाण्यानं आणि कुंकवानं पुढच्या माणसाचं काम अवघड करून ठेवलेलं असतं.

मी प्राध्यापक नाही. नागपुरातल्या एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात सत्तावीस वर्षं दगडांचे काप काढले. दगड कापायचा, घासायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि पलीकडचं दिसेपर्यंत पुन्हा घासायचा. आता निवृत्त आहे, पण मागच्या खोलीत एक छोटी करवत आणि जुना सूक्ष्मदर्शक आहे. २२ मे २०१२ ला भर उन्हात, दुपारी दोनच्या सुमारास काटोल भागात आकाशातून दगड पडले. तेव्हापासून लोक माझ्याकडे गोटे आणू लागले ते आजतागायत. वहीत दोनशेच्या वर नोंदी आहेत. त्यांतला अस्सल एकही नाही.

खरा दगड आला तो भाच्याकडून. तो कंपनीच्या कामानं मोरोक्कोला गेला होता, तिथं एर्फूदच्या बाजारात त्यानं घेतला. ६२ ग्रॅम वजन, लहान आवळ्याएवढा, तपकिरी-काळा. “मावशी, याची जात कोणती ते सांग,” म्हणाला. ते सांगायला मला चार महिने लागले. तेच इथं क्रमानं लिहिते.

काटोलच्या अशनीची शास्त्रीय नोंद ‘एल ६’ अशी आहे. अक्षर आणि आकडा ही दोन वेगवेगळ्या कामांची उत्तरं आहेत. ‘एल’ येतं रासायनिक मोजणीतून, ‘६’ येतो सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून. त्यापुढे दगडाला किती आघात बसला त्याचा ‘एस’चा आकडा आणि तो किती गंजला त्याचा ‘डब्ल्यू’चा आकडा. चार उत्तरं, चार कामं. यातलं कुठलंही फक्त हातात धरून मिळत नाही.

हातात आल्या आल्या

कोरड्या, स्वच्छ हातानं किंवा हातमोजा घालून उचला. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. जागेवरच पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा, तारीख-वेळ लिहा. आत काय आहे ते बघायला हातोडा मारू नका. प्रत्येकाला तो मोह होतो.

आणि चुंबक. सगळे सांगतात, चुंबक लावून बघा. तो छोटा, मजबूत, चकचकीत चुंबक दगडाला चिकटवला, की दगडात साठलेली अब्जावधी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंद तिथल्या तिथं पुसली जाते. होकायंत्र वापरा. दगड सुईजवळ हळूच फिरवा, सुई हलली तर लोह आहे एवढं कळलं. बाजारातून घेतलेल्या दगडाला बहुधा आधीच दहा जणांनी चुंबक लावलेला असतो. भाच्याच्या दगडाचंही तेच झालं असणार, त्यामुळे ती आशा मी आधीच सोडली होती.

दगड डोळ्यांदेखत पडला असेल तर मात्र घाई करा. अवकाशात वैश्विक किरणांच्या माऱ्यानं दगडात अल्पायुषी किरणोत्सारी अणू तयार झालेले असतात. सोडियम-२४ दर १५ तासांनी निम्मं होतं, व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांनी, स्कॅन्डियम-४६ चौऱ्याऐंशी दिवसांनी. शिशाच्या जाड कवचात दगड ठेवून त्यातून निघणारे गॅमा किरण मोजता येतात, तेही दगड न फोडता. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवा. भारतात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो, त्यांचं नागपूरचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. आठवडाभर देव्हाऱ्यात ठेवून मग कळवलं, तर सोडियम-२४ केव्हाच संपलेलं असतं.

आधी चाळणी

विदर्भात फसवणारे दगड ठरलेले आहेत. पहिला मॅंगनीजचा. नागपूर-भंडारा पट्ट्यात त्याच्या खाणी आहेत, रस्त्यावर सांडलेला तुकडा काळा, जड आणि गुळगुळीत असतो. दुसरा भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग. तिला बुडबुड्यांची भोकं असतात, आणि अशनीत अशी भोकं जवळपास कधीच नसतात. तिसरा आपला बेसाल्ट. त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे तोही होकायंत्राची सुई हलवतो. चौथ्यानं मला बराच काळ चकवलं. एक म्हातारबुवा दोन्ही हातांत धरून घेऊन आले, “बाई, हा गोटा वरून पडला जी, वावरात खड्डा पडला.” गोल, गंजलेला, चांगलाच जड लोखंडाचा गोळा. तो औष्णिक वीज केंद्रात नाही तर सिमेंटच्या कारखान्यात दळणाऱ्या बॉल मिलचा निघाला. वावरात कसा पोचला ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. खड्डा मात्र खराच होता, त्यांनी फोटो दाखवला.

चाळणी साधी आहे. सिरॅमिक टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड ओढा. लालसर-तपकिरी रेघ आली तर हेमाटाइट, काळी ठसठशीत आली तर मॅग्नेटाइट किंवा मॅंगनीज. बहुतेक अशनींची रेघ उमटत नाही, उमटली तर फिकट राखाडी. मग वितळलेली साल बघा. ताज्या अशनीवर काळी, मंद, एक मिलिमीटरहूनही पातळ साल असते आणि तुटलेल्या कडेला आतला फिकट राखाडी रंग दिसतो. वाळवंटात शेकडो वर्षं पडून राहिलेल्या दगडाची साल तपकिरी होते, भाच्याच्या दगडावर ती एकाच बाजूला उरली होती.

मग घनता. नेहमीची पद्धत पाण्यात बुडवण्याची, पण पाणी तर आपल्याला लावायचं नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी काचेचे अगदी बारीक मणी वापरतात. माझ्याकडे राजगिरा आहे. स्टीलच्या पेल्यात राजगिरा ओतायचा, पेला वीस वेळा टेबलावर ठोकायचा, वर पट्टी फिरवून सपाट करायचा आणि वजन करायचं. माझ्या पेल्यात २०० मिलिलिटरला १६० ग्रॅम मावतो, म्हणजे मिलिलिटरला ०.८ ग्रॅम. मग पेला रिकामा करून मधोमध दगड ठेवायचा, भोवती राजगिरा, पुन्हा वीस ठोके, पुन्हा पट्टी. या वेळी राजगिरा १४५.२ ग्रॅम मावला. १४.८ ग्रॅमची जागा दगडानं घेतली, म्हणजे १८.५ मिलिलिटर. ६२ भागिले १८.५ केलं की ३.३५. आपला बेसाल्ट साधारण २.९ ते ३, नेहमीचे दगडी अशनी ३.२ ते ३.७ च्या दरम्यान, आणि लोखंडी अशनी पावणेआठच्या आसपास. ठोके मोजून तेवढेच मारा, नाहीतर उत्तर हलतं. ताज्या पडलेल्या दगडाला मात्र राजगिराही लावू नका.

दगड लोखंडीच वाटला तर निकेल बघायचं. अशनीतल्या लोखंडात निकेल असतंच, गंजलेल्या खिळ्यात नसतं. अमोनिया लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर थोडा किस घेऊन डायमिथाइलग्लायॉक्झाइम हे रसायन टाकलं की गुलाबी रंग येतो. स्टेनलेस स्टीलही गुलाबी दाखवेल, तेवढं लक्षात असू द्या.

काप

इथं मी थोडी रेंगाळणार आहे. हे माझं काम.

कॉलेजात लागले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सरांनी अशनीचा एक तुकडा दिला, सुपारीपेक्षा जरा मोठा. मी तो बेसाल्टसारखाच कापला, करवतीवर पाण्याची धार सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कापलेल्या पृष्ठभागावर धातूच्या प्रत्येक कणाभोवती तांबूस कडी. रात्रीत गंज चढला होता. सर काही बोलले नाहीत, फक्त तुकडा उलटा करून ठेवला. ते न बोलणंच जास्त लागलं.

तेव्हापासून पाणी बंद. पाण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण अल्कोहोल पेट घेतं, म्हणून मोटर उघडी नको, ठिणगी नको, पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, आणि करवत हळू फिरणारी, पातळ हिऱ्याच्या पात्याची हवी. घाई केली की पातं तापतं.

पाण्याचा दुश्मन फक्त लोखंडच नाही. १८५२ मध्ये उत्तर प्रदेशात बस्तीला एक अशनी पडला. त्यात कॅल्शियम सल्फाइडचं एक खनिज सापडलं. त्याला ओल्डहॅमाइट नाव मिळालं ते थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख. हे खनिज पाण्यात टिकत नाही. पृथ्वीच्या दमट हवेत ते जन्मालाच येत नाही, म्हणून ते बहुतेक अशनीतच सापडायचं. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये बनासकांठ्यातल्या दियोदरला पडलेला अशनी बस्तीच्याच गटातला, त्या गटाला ऑब्राइट म्हणतात. असा दगड नळाखाली धरलात, तर ज्या खनिजावरून त्याची ओळख पटायची तेच मोरीत जाईल.

आता कृती. दगडाची पाच-सहा मिलिमीटर जाडीची चकती काढा. ठिसूळ असेल तर आधी निर्वातात पातळ एपॉक्सी मुरवून घ्या. चकतीची एक बाजू सपाट काचेवर कार्बोरंडम पावडरीनं घासायची, आधी ४००, मग ६००, मग १०००, आणि प्रत्येक पावडरीनंतर अल्कोहोलमध्ये स्वच्छ करायची. आधीच्या पावडरीचा एक कण राहिला तरी तो शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतो. ही घासलेली बाजू काचपट्टीवर एपॉक्सीनं चिकटवा, खाली बुडबुडा राहू देऊ नका. रात्रभर दाबून ठेवा. लोक हॉट प्लेट वापरतात, नागपूरच्या मे महिन्यात मला तिची गरज पडलेली नाही.

चिकटलं की जास्तीचा दगड कापून टाका, अर्धा मिलिमीटर राहू द्या. मग घासा. घासा आणि बघा, घासा आणि बघा. पोचायचंय ०.०३ मिलिमीटरला, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. ही जाडी कोणी पट्टीनं मोजत नाही, रंगावरून ओळखतात. नेहमीच्या दगडात क्वार्ट्झ बघतात, पण बहुतेक अशनींत क्वार्ट्झ नसतो. म्हणून मी पायरॉक्सिन हे खनिज बघते. सूक्ष्मदर्शकाचे दोन्ही पोलरायझर (उजेड गाळणाऱ्या चकत्या) आडवे-उभे ठेवले की जाड कापात त्याचे रंग भडक दिसतात. घासत गेलं की ते उतरत उतरत राखाडी-पांढऱ्यावर, फार तर फिकट पिवळ्यावर येतात. तिथं थांबा. एक मिनिट जास्त घासलं की कापाची कडा गायब होते, आणि अशनीच्या बाबतीत तो दगड काही पुन्हा मिळत नाही.

वरून काच लावायची नाही. हा काप पुढे प्रोबखाली, म्हणजे रासायनिक मोजणीच्या यंत्राखाली, जाणार आहे, म्हणून त्याला हिऱ्याच्या पेस्टनं आरशासारखं करायचं. सहा मायक्रॉन, तीन, एक, पाव. शेवटच्या पेस्टनंतर मी काप खिडकीपाशी तिरपा धरून बघते. धातूचे कण चांदीसारखे चमकले की झालं.

सूक्ष्मदर्शकाखाली

बहुसंख्य दगडी अशनींत गोल दाणे दिसतात. मिलिमीटरभराचे, कधी त्याहून लहान. यांना कॉन्ड्रूल म्हणतात आणि त्यावरून दगडाला कॉन्ड्राइट. सूर्यमाला तयार होत असताना अवकाशात वितळून थिजलेले हे थेंब आहेत. पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात असे दाणे नाहीत. काहींत ऑलिव्हीन या खनिजाच्या समांतर पट्ट्या असतात, खिडकीच्या गजांसारख्या. काहींत पायरॉक्सिनच्या काड्या कडेच्या एकाच बिंदूतून पसरतात, अगदी केरसुणीसारख्या. भाच्याच्या कापात पहिली केरसुणी दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन आले. मग पुन्हा बसले.

आकडा इथं ठरतो. १ ते ६ ही मोजपट्टी व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये घातली. ३ म्हणजे जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला दगड. दाण्यांच्या कडा ठळक, स्पष्ट, प्रत्येकाची रासायनिक घडण निराळी. ४, ५, ६ कडे जाताना तो मूळ लघुग्रहाच्या पोटात अधिकाधिक भाजला गेला, दाण्यांच्या कडा पुसट झाल्या, सगळं एकमेकांत मिसळलं. उलट २ आणि १ म्हणजे उष्णतेऐवजी पाण्यानं बदललेले. ३ च्या आत ३.० ते ३.९ असे आणखी भाग आहेत, ते पूर्वी दगड तापवून त्यातून निघणारा उजेड मोजून ठरवले गेले. या पट्टीच्या अगदी सुरुवातीचा, ३.०० चा, दाखला आपल्या शेजारी मध्य प्रदेशात पडला. सेमरकोना, १९४०. जगभरचे अभ्यासक त्याच्या कापांसाठी हात पसरतात.

५ आणि ६ मधला फरक डोळ्यावर सोडू नये, हे मी स्वतः शिकले. भाच्याच्या दगडातले दाणे मला बरेच पुसट वाटले. वहीत ‘६’ लिहिलं, खाली रेघही मारली. पण खरी कसोटी प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या कणांच्या आकाराची. ४ मध्ये ते २ मायक्रॉनच्या आत असतात, ५ मध्ये २ ते ५०, आणि ६ मध्ये ५० च्या वर. ते नीट दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्या विभागाची एक जुनी विद्यार्थिनी आता अशा यंत्रावर काम करते, तिच्याकडे काप पाठवला. तिचा फोन आला, “ताई, तीसच्या आसपास आहेत. पाच आहे.” मी म्हटलं, पुन्हा बघ. तिनं पुन्हा बघितलं, पाचच.

आघाताचा आकडा ऑलिव्हीनवरून मिळतो. स्टॉफ्लर, काइल आणि स्कॉट यांची १९९१ ची पद्धत आहे. सूक्ष्मदर्शकाचं टेबल फिरवताना ऑलिव्हीनचा कण एकदम काळा झाला तर एस १, अंधार सावलीसारखा सरकत गेला तर एस २. कणात सरळ समांतर भेगा दिसल्या तर एस ३, कण ठिकऱ्यांच्या मोझेकसारखा दिसू लागला तर एस ४. एस ५ मध्ये प्लॅजिओक्लेजचं स्फटिकपण मोडून काच होते. हिला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती पहिल्यांदा ओळखली गेली बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत. आपल्या लोणारच्या आघातात चुरगळलेल्या बेसाल्टमध्येही ती आहे, म्हणजे एकच खूण वरून आलेल्या दगडात आणि ज्याच्यावर दगड आदळला त्यातही. एस ६ ला ऑलिव्हीनचंच रूप बदलतं.

काटोलच्या दगडात वितळलेल्या काळ्या शिरा आहेत. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्या शिरांत ब्रिजमनाइट दाखवलं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथून ते वर आणता येत नाही, वाटेतच मोडतं. काटोलच्या शेतात पडलेल्या दगडात ते होतं, दोन लघुग्रहांच्या टकरीत दाबलं गेलेलं. भाच्याच्या दगडात असलं काही नाही. सरळ भेगा, एस ३.

गंज बघायला उजेड खालून न सोडता वरून सोडायचा. धातू पांढरा दिसतो, ट्रॉयलाइट (लोह आणि गंधकाचं खनिज) पितळी, गंज राखाडी. धातूला नुसती कडी असेल तर डब्ल्यू १, वीस ते साठ टक्के खाल्ला गेला असेल तर डब्ल्यू २, असं वाढत ६ पर्यंत. हा डब्ल्यू २.

अक्षर कुठून येतं

प्रोब म्हणजे इलेक्ट्रॉनचा बारीक झोत कापावरच्या एका बिंदूवर टाकून तिथून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. काप विजेला वाट देत नाही, म्हणून आधी त्यावर कार्बनचा सुमारे २० नॅनोमीटरचा थर चढवतात. मग वेगवेगळ्या ठिकाणचे ऑलिव्हीनचे कण निवडून मोजत जायचं. एकाच कोपऱ्यातले नको, काप पालथा घालून.

हिशोब घरी करता येतो. समजा एका कणात वजनानं लोहाचं ऑक्साइड २२.५ टक्के आणि मॅग्नेशियमचं ३८.५ टक्के आलं. वजनाला रेणुभारानं भागा. २२.५ भागिले ७१.८५ म्हणजे ०.३१३, आणि ३८.५ भागिले ४०.३० म्हणजे ०.९५५. दोघांची बेरीज १.२६८. त्यात लोहाचा वाटा शंभरात २४.७. याला फेयालाइटचं, म्हणजे लोहवाल्या ऑलिव्हीनचं, प्रमाण म्हणतात. साधारण १६ ते २० असेल तर एच (हाय, एकूण लोह जास्त), २२ ते २६ असेल तर एल (लो, लोह कमी), २७ ते ३२ असेल तर एलएल (लोहही कमी, धातूही कमी). २४.७ म्हणजे एल. सगळ्या ऑक्साइडांची बेरीज शंभराच्या जवळ येते का तेही बघा. ९६ आली तर मोजणी चुकली आहे किंवा झोत भेगेवर पडला आहे.

लोकांना वाटतं एच म्हणजे ऑलिव्हीनमध्ये लोह जास्त. उलट आहे. एच दगडात एकूण लोह जास्त असतं, पण त्यातलं बरंचसं धातूच्या रूपात वेगळं राहिलेलं असतं, म्हणून ऑलिव्हीनच्या वाट्याला कमी येतं. एलएलमध्ये धातू नावापुरता, लोह ऑलिव्हीनमध्ये शिरलेलं. मला हे पाठ व्हायला दोन वर्षं लागली.

आणि एक तपासणी: सगळ्या कणांचे आकडे एकमेकांजवळ हवेत. सरासरीपासूनचं विचलन ५ टक्क्यांच्या वर गेलं तर दगड ३ चा, मग वरचा आकडा पुन्हा बघावा लागतो. भाच्याच्या दगडात सगळे कण एका ओळीत उभे राहिले.

बाकीची मंडळी

साधे कॉन्ड्राइट झाले की बाकीचं माझ्या टेबलावर येत नाही, म्हणून थोडक्यात. काळे, कार्बनवाले कॉन्ड्राइट वेगळे. त्यांचे गट सीआय, सीएम, सीव्ही असे, दुसरं अक्षर नमुन्याच्या गावावरून. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ ला पडलेला सीएम २ आहे. असल्या दगडाला माझा हातही लागू नये, त्यात सेंद्रिय द्रव्यं असतात आणि माझ्या हातावर सकाळच्या फोडणीचं तेल.

ज्यात गोल दाणे नाहीत ते बहुतेक कधीतरी वितळलेल्या पिंडातून आले. त्यांतले पुष्कळ दिसायला आपल्या बेसाल्टसारखेच, म्हणून इथं डोळा हरतो आणि ऑक्सिजन बोलतो. ऑक्सिजनची तीन समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत, १६, १७ आणि १८. पृथ्वीवर कुठलाही खडक किंवा पाणी घ्या, १७ आणि १८ चं नातं एकाच रेषेवर पडतं. दोन-एक मिलिग्रॅम पूड लेझरनं तापवून ऑक्सिजन बाहेर काढायचा आणि मोजायचा. मंगळाचे दगड त्या रेषेच्या थोडे वर बसतात, व्हेस्टा या लघुग्रहाकडचे खाली. चंद्राचे मात्र नेमके आपल्याच रेषेवर, तिथं दुसरे पुरावे शोधावे लागतात. शेरघाटीच्या कुळातले दगड मंगळाचे, हे पटलं ते त्याच कुळातल्या अंटार्क्टिकातल्या एका दगडात अडकलेला वायू मंगळाच्या हवेशी जुळला तेव्हा. ती हवा १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी तिथंच मोजून ठेवली होती.

लोखंडी अशनीचा काप काढत नाहीत, कारण तो पारदर्शक होत नाही. एक बाजू चकचकीत करून अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक आम्ल मिसळून लावतात, मग तिरप्या पट्ट्यांची जाळी उमटते. तिला विडमनश्टेटन नक्षी म्हणतात. एवढी रुंद जाळी व्हायला लोखंड लाखो वर्षं थंड होत राहावं लागतं, भट्टीत ती काढता येत नाही. पट्टीची रुंदी अर्धा ते १.३ मिलिमीटर असेल तर मध्यम, त्याहून जास्त तर भरड. खरा गट मात्र निकेल, गॅलियम, जर्मेनियम आणि इरिडियमच्या प्रमाणावरून ठरतो, ते काम मोठ्या प्रयोगशाळांचं.

नाव

इतकं सगळं करूनही दगडाला नाव नसतं. मेटिओरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामकरण समिती सगळी माहिती तपासते, मान्य केलं की नोंद त्यांच्या बुलेटिनमध्ये जाते, आणि तेव्हाच नाव. नाव जवळच्या गावाचं किंवा भौगोलिक जागेचं, शोधणाऱ्याचं नव्हे. म्हणून काटोल, म्हणून सातारा जिल्ह्यातलं १८७९ चं कळंबी. सहारातल्या दगडांचं नेमकं ठिकाण कोणालाच ठाऊक नसतं, ते ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक अशा नावानं जातात.

एक अट आहे. एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, जे कमी असेल तेवढा तुकडा मान्यताप्राप्त संग्रहात कायमचा द्यावा लागतो, म्हणजे पुढे कोणालाही शंका आली तर तपासता यावी. ६२ ग्रॅमचे २० टक्के म्हणजे १२.४ ग्रॅम. काप आणि करवतीत गेलेली पूड धरून माझ्याकडून आधीच साडेचार ग्रॅम खर्ची पडले आहेत.

मी भाच्याला फोन करून सांगितलं: एल ५, एस ३, डब्ल्यू २, आणि नाव हवं असेल तर १२.४ ग्रॅम. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, त्या केरसुणीचा फोटो पाठवतेस का आधी?” फोटो पाठवला आहे. दगड अजून माझ्या कपाटात आहे, फॉइलमध्ये, सिलिका जेलच्या पुडीशेजारी.